चौथं बटण

राहे बंदरात जानेवारीची दिवेलागण
दुपारी तीनलाच होते.
मी बूट दाराशी काढले, शिडी आत घेतली
आणि भिंतीतला जुना स्विच उचकटला.
मागे तारा, चाळीस वर्षांची धूळ
आणि एक वाळलेली माशी.

नव्या पट्टीवर चार बटणं.
एक बटण म्हणजे एक दिवा, हे आता विसरा,
मी आयलीबाईंना सांगतो,
एक बटण म्हणजे एक सीन.
कुठला दिवा किती, किती सेकंदांत, सगळं आधीच ठरलेलं.
"सीन करायला मला बटण लागत नाही,"
त्या म्हणतात, आणि कॉफी ओततात.

पहिलं त्यांचं. विणकाम.
खुर्चीमागचा दिवा शंभर टक्के, टेबलावरचा सत्तर,
कारण काळ्या लोकरीतला सुटलेला टाका
देवालाही सापडत नाही.
दुसरं जेवणाचं.
तिसरं नातवंडं येतात तेव्हाचं,
म्हणजे झाडून सगळे दिवे, न्हाणीघरासकट.
दोनदा दाबलं की घर विझतं, हे सांगायच्या आधीच
त्यांनी दार ठोठावल्यासारखं दोनदा दाबलं.
काळोखात चमचा पडल्याचा आवाज.
मी फोनवर ती ओळ पुसून टाकली.

चौथं कुणाचं?

वेयो इतका वेळ खिडकीशी उभा.
एकतीस वर्षं पायलट. विमानाचा नव्हे,
जहाजं बर्फातून धक्क्याला आणणारा.
"दहा टक्के," तो म्हणाला.
दहा केले.
"कमी."
सात.
"कमी."
पाचाच्या खाली हे दिवे थरथरतात, मी म्हटलं,
खोक्यावर तसं लिहूनच येतं.
"मग दिवा बदल."

गाडीतून दुसरा आणला. तांबडा, दोन टक्के,
कपाटाच्या पायाशी,
जमीन कुठं संपते एवढंच कळावं असा.

मघापासून खिडकीच्या काचेत आम्हीच होतो,
मी, शिडी, आयलीबाईंच्या सुया.
आता एकेक करून आम्ही काचेतून निघून गेलो.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग बर्फाची कड.
मग खाडीच्या तोंडाशी हिरवा दिवा, लागतो, जातो,
आणि त्याच्याही पलीकडे, मला वाटलं चांदणी,
तर वेयो म्हणाला, "मालवाहू. वाट बघतंय.
रात्री ब्रिजवर कुणी काडी ओढली तरी
कप्तान आईवरून शिव्या द्यायचा."

"आणि माझे टाके?" मागून आयलीबाई.
"पहिलं बटण दाब."
"मग तुझं जहाज?"

यावर कुणी काही बोललं नाही.
मी म्हटलं, खुर्ची त्या कोपऱ्यात सरकवली तर...
त्या उजेडात चेहरे दिसत नव्हते,
तरी दोघं माझ्याकडे कसे बघताहेत ते कळलं.
बेचाळीस वर्षं खुर्ची तिथंच आहे.

शेवटी बटणांवर नावं चिकटवली.
विणकाम. जेवण. पोरं.
चौथ्यावर काय लिहू?
"काही नको," वेयो म्हणाला,
"अंधारात वाचतंय कोण?"

बाहेर उणे एकोणीस.
गाडीशी पोचून मागे पाहिलं तर
त्यांची खिडकी इतकी काळी,
की घरात वर्षभर कुणी राहिलंच नसावं.
तो आत उभा असणार, हे मला ठाऊक,
म्हणून त्या काळ्या चौकोनाला
मी उगाच हात केला.

तेवढ्यात शंभर टक्के.
पहिलं बटण.
पिवळ्याधमक खिडकीत वेयो,
त्याचाही हात वर, बहुधा मघाचाच,
मान मागे वळवून काहीतरी ओरडतोय,
आणि त्याच्या पाठीशी, ऐन खोलीच्या मध्ये,
माझी शिडी.